समोरच्यांचं झाडूयंत्र

वस्तू घ्यावी की घेऊ नये, हे ठरवण्याच्या कामात आमच्या इमारतीत माझा हात धरणारा कोणी नाही. कोणाला नवा मोबाईल घ्यायचा असो, पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं असो, की दरमहा पैसे भरून मोबाईलवर गाणी ऐकायची सेवा घ्यायची असो, माणसं आधी माझं दार वाजवतात. मी त्यांना बसवतो, चष्मा लावतो, माहितीपत्रक शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचतो आणि 'घेऊ नका' असं सांगतो. नोकरीभर मी वजनमापं तपासणारा निरीक्षक होतो. दुकानात शिरलं की आधी काट्याकडे बघायचं आणि मालकाच्या हसण्याकडे मुळीच बघायचं नाही, हे अंगात इतकं मुरलंय की निवृत्तीनंतरही जात नाही. काही जण माझं न ऐकता वस्तू घेतात आणि मग मला जिन्यात टाळतात. त्यावरून माझा सल्ला बरोबर होता असं मी समजतो.

तर अशा माणसाला त्याची बायको एका सकाळी म्हणाली, "अहो, ते आपोआप झाडतं ते यंत्र घेऊ या का? मला हल्ली वाकवत नाही."

एवढंच म्हणाली. तिचे गुडघे बरेच दिवस कुरकुरत होते. कामाच्या मावशी लेकीकडे राहायला गेल्या होत्या, नवी बाई मिळत नव्हती, आणि केर-फरशी बायकोच्या गळ्यात पडली होती. मी एकदा झाडू हातात घेतला होता, नाही असं नाही. पण मी झाडलेली खोली तिनं माझ्यादेखत पुन्हा झाडली. तो अपमान गिळून मी झाडू खाली ठेवला आणि त्यानंतर उचलला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऐकणारे लोक नेमकं हेच विचारतात.

"घेऊ की," मी म्हणालो. "आधी जरा अभ्यास करतो."

बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झाडू उचलला.

अभ्यास दांडगा झाला. यंत्र दिसायला ताटाएवढं, गोल आणि चपटं, पण त्याची भानगड मोठी. नुसतं यंत्र घेऊन भागत नाही, त्याच्याबरोबर कंपनीची मोबाईलवरची सेवाही घ्यावी लागते. सेवा घेतली की यंत्र घराचा नकाशा लक्षात ठेवतं आणि वाटेत काही आडवं आलं तर त्याचा फोटो काढून मोबाईलवर कळवतं. सेवा नाही घेतली तर ते रोज सकाळी आपल्याच घरात पाहुण्यासारखं बिचकत फिरतं. म्हणजे आधी नोकर विकत घ्यायचा आणि मग त्याच्या स्मरणशक्तीचं भाडं वेगळं भरायचं. मी हे एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी येऊन गेलात ना?" मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं मला दुरूनच ओळखलं आणि तो जेवायला गेला.

वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. मी लोकांना सल्ला देतो आणि मला सल्ला ते देतात, अशी आमच्या इमारतीतली उतरंड आहे.

"थांबा," पोस्टमास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षीचं मॉडेल जिने चढणार आहे म्हणे."

"पण आमच्या घरात जिना कुठं आहे?"

"म्हणून तर म्हणतो, थांबा. चढणारं घेतलंत तर आमच्याकडेही येऊन जाईल."

मी थांबलो. त्या थांबण्याच्या काळात घर काही आपोआप स्वच्छ होत नव्हतं. बायको एक खोली झाडायची, भिंतीला टेकून उभी राहायची, मग दुसरी झाडायची. मी तिला मधूनमधून अभ्यास कुठवर आला ते सांगत असे. "या कंपनीचा ब्रश मऊ आहे, त्या कंपनीची बॅटरी टिकते," असं सांगितलं की ती "बरं" म्हणायची. तिचं 'बरं' मला उत्तेजन वाटायचं.

शेवटी मी आमच्या घराण्याची पद्धत वापरायचं ठरवलं. आमच्यात कोणतीही वस्तू घेण्याआधी ती दुसऱ्याकडून उसनी आणून वापरून बघतात. माझ्या वडिलांनी घड्याळ घेण्यापूर्वी मामांचं घड्याळ मनगटावर बांधून पाहिलं होतं. ते इतके दिवस पाहिलं की मामा वेळ विचारायला आमच्याकडे यायचे. शेवटी वडिलांनी घड्याळ घेतलंच नाही, कारण मामांचं मागं पडत होतं. या पद्धतीनं आमच्या घराण्यात आजवर एकही वाईट वस्तू आली नाही. चांगल्याही फारशा आल्या नाहीत, पण तो विषय वेगळा.

आमच्या समोरच्या दारात दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी हे यंत्र मला न विचारता घेतलं होतं, हे शल्य माझ्या मनात होतंच. तरी मी गेलो. डॉक्टर दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिडेखातर "न्या ना काका" म्हणाल्या. त्या स्वतः ते घेऊन आमच्याकडे आल्या, कारण त्याची सगळी सूत्रं त्यांच्या मोबाईलवर होती. यंत्र आमच्या फरशीवर ठेवलं, सुरू केलं, आणि तेवढ्यात त्यांना गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली. "काका, जरा धरा हं," म्हणून मोबाईल माझ्या हातात देऊन त्या पळाल्या.

मोबाईलवर प्रश्न आला, 'हे घर ओळखीचं नाही. नवीन घर आहे का?'

आता खरं बघता यंत्राच्या दृष्टीनं ते नवीनच घर होतं. मी नोकरीत कधी खोटी नोंद केली नाही. मी 'होय' दाबलं. लगेच दुसरा प्रश्न आला, 'जुनं घर सोडलं का?' यंत्र जुनं घर सोडून माझ्यासमोर उभं होतं. मी पुन्हा 'होय' दाबलं. त्यानंतर बारीक अक्षरांत बरंच काही आलं आणि मी वाचायला चष्मा शोधेपर्यंत निघून गेलं. आयुष्यात एवढाच मजकूर मी न वाचता सोडला, आणि त्यानंच माझा घात केला.

यंत्र मात्र गुणी निघालं. गुणगुणत सोफ्याखाली शिरलं, पलीकडून बाहेर आलं, भिंतीच्या कडेकडेनं चालू लागलं. बायको खुर्चीवर बसून बघत होती. खोली झाडली जात असताना ती खुर्चीवर बसली आहे, असं दृश्य मी फार दिवसांनी बघत होतो. तिनं पाय लांब केले आणि म्हणाली, "चांगलं आहे हो." वास्तविक तेव्हाच मी चप्पल घालून दुकानात जायला हवं होतं. पण मी म्हणालो, "चांगलं दिसतंय. चांगलं आहे की नाही ते ठरायचंय."

मग मी चाचण्या सुरू केल्या. माझ्याकडे अजून एक जुना तराजू आहे. मी वाळू तोलून घ्यायचो, खोलीत पसरायचो, बटण दाबून यंत्र फिरवायचो, त्याच्या पोटातली वाळू काढून पुन्हा तोलायचो आणि घट काढायचो. जेवढी वाळू कमी भरायची तेवढी नंतर बायको झाडून काढायची. तिनं एकदा विचारलं, "आधी होता त्यापेक्षा आता केर जास्त निघतोय का हो?" मी तिला समजावलं की शास्त्रशुद्ध चाचणीत सुरुवातीला तसं वाटतं.

एका दुपारी मी चटईवर आडवा झालो होतो. उकाडा होता, अंगात बनियन होतं. डोळा लागला आणि कानाशी एक गोड आवाज आला, "कृपया अडथळा दूर करा." डोळे उघडले तर यंत्र माझ्या हनुवटीशी उभं. मी कूस बदलली. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आलं आणि पुन्हा तेच म्हणालं. माझ्याच घरात, माझ्याच चटईवर, मला इतक्या अदबीनं आजवर कोणी हाकललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात डॉक्टर भेटले. हसले. मला वाटलं, यंत्राचं विचारतील. ते म्हणाले, "काका, तुम्ही तोंड उघडं ठेवून झोपता. खालची डावीकडची दाढ एकदा दाखवून घ्या."

मला काही उलगडा होईना. मग डॉक्टरीणबाईंनी संकोचत मोबाईल दाखवला. मी अडथळा म्हणून आडवा. मी अडथळा म्हणून उताणा. सोफ्याखालची वाळू बघण्यासाठी मी ओणवा झालो असतानाचा एक फोटो तर मागच्या बाजूनं होता. "यंत्र आपोआप पाठवतं हो काका," त्या म्हणाल्या. "मी बघत नाही, पण आमच्या घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतात." ज्या माणसाच्या नुसत्या येण्यानं बाजारपेठेतले काटे सरळ व्हायचे, त्याच्या बनियनमधल्या छबी आता समोरच्या घरात चहाच्या वेळी बघितल्या जात होत्या. मी तडक घरात जाऊन यंत्र उचललं आणि परत देऊन टाकलं.

पण प्रकरण मिटायचं नव्हतं. आमची आणि डॉक्टरांची घरं समोरासमोर, त्यामुळे एकाच्या बरोबर उलटं दुसरं. आमच्याकडे स्वयंपाकघर डावीकडे, त्यांच्याकडे उजवीकडे. त्या यंत्रानं माझ्या 'होय'वर विश्वास ठेवून डॉक्टरांचं घर कायमचं विसरून टाकलं होतं. ते त्यांच्या दिवाणखान्यात आमचं स्वयंपाकघर शोधत भिंतीवर धडका देऊ लागलं. आमचा सोफा जिथे असतो तिथे त्यांची काचेची कुंडी होती. ती आता नाही.

डॉक्टरांनी यंत्र परत आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवलं. "काका, तुम्हीच ते दुरुस्त करून द्या," म्हणाले. दाढेचं पुन्हा काही बोलले नाहीत. चांगला शेजारी दाढेचं बोलायचा थांबला की समजावं, संबंध बिघडले.

मग कंपनीला फोन करणं माझ्या नशिबी आलं. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकल्यावर एक मुलगी यायची आणि फार नम्रपणे बोलायची.

"सर, आपण स्थलांतर नोंदवलं आहे."

"कोणीही स्थलांतर केलेलं नाही."

"मग यंत्र आता कुठे आहे?"

"आधी त्यांच्याकडे होतं, मग माझ्याकडे आलं, मग त्यांच्याकडे गेलं, आता पुन्हा माझ्याकडे आहे."

"म्हणजे एकापेक्षा जास्त स्थलांतरं झाली आहेत," ती म्हणाली आणि टाइप करू लागली. तिच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरांना जुन्या घरी परत यायचं असेल तर नव्या घराचं वीजबिल त्यांच्या नावानं दाखवायला हवं होतं. नवं घर म्हणजे माझं. माझं वीजबिल माझ्या नावावर. मी विचारलं, "डॉक्टर कुठेच गेले नाहीत, तर ते परत कसे येणार?" ती म्हणाली, "आपली अडचण मी वरिष्ठांना कळवते," आणि पुन्हा वाद्यसंगीत सुरू झालं. पोस्टमास्तर म्हणाले, लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. पण कंपनीला पत्ता नव्हता. सगळ्या जगाचे पत्ते विचारणाऱ्या कंपनीला स्वतःचा पत्ता नसावा, याचं मला आजही नवल वाटतं.

यंत्र आमच्याकडेच राहिलं. त्याला फक्त आमचं घर येत होतं, मग निदान झाडू दे, म्हणून बायको ते रोज लावायची. फोटो समोर जातच होते. मी मात्र आता घराबाहेर असताना बसावं तसा, पँट-शर्ट घालून ताठ बसत होतो.

त्या सकाळी मी बाल्कनीत फोन कानाला लावून बसलो होतो. वरिष्ठांकडे फोन जोडत आहोत, असं त्या मुलीनं सांगितलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वरिष्ठ हाताशी येत होते. आतून बायकोचा आवाज आला, "अहो."

"थांब जरा," मी म्हणालो.

थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, ऐकलं का?"

"लाईनवर आहे मी," मी वैतागून म्हणालो. मग तिनं हाक मारली नाही. आतून यंत्राचा तो गोड आवाज तेवढा येत राहिला. "कृपया अडथळा दूर करा." थांबायचं, पुन्हा म्हणायचं. खुर्चीत अडकलं असेल, म्हणून मी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

दाराची घंटा वाजली. वाजली म्हणजे कोणीतरी बोट काढायलाच तयार नव्हतं. मी फोन कानाला तसाच धरून दार उघडलं. डॉक्टरीणबाई होत्या. पदर खोचलेला, एका हातात मोबाईल, दुसरा हात पिठाचा.

"काकू कुठे आहेत?"

"आत असेल. का?"

मला बाजूला सारून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी त्यांच्या मागं.

बायको ओट्याखाली फरशीवर बसली होती. एक पाय लांब केलेला, दुसरा दुमडलेला, एका हातानं खणाची मूठ धरलेली. बाजूला ओलं फडकं पडलं होतं. यंत्र तिच्या लांब केलेल्या पावलाला येऊन टेकत होतं, मागं सरत होतं, पुन्हा टेकत होतं आणि दरवेळी कृपया म्हणत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी ते उलटं केलं. मग आम्ही दोघांनी बायकोला दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीवर बसवलं. तिला उचलताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी याआधी ऐकला नव्हता.

माझ्या हातातला फोन बोलू लागला, "नमस्कार, मी वरिष्ठ अधिकारी बोलतोय. आपली काय मदत करू?" मी तो बंद केला.

"पडलात का काकू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "एकदम तुमचा फोटो आला. मग परत आला, मग परत. तुम्ही हललाच नव्हता."

"पडले नाही गं. तो कोपरा पुसायला खाली बसले होते. याला कोपरे जमत नाहीत ना. मग उठवेना."

"मग ओरडायचं नाही का?"

"कशाला? थोडा वेळ बसून राहिलं की येतं उठता. रोज येतं." ती गुडघा चोळत म्हणाली. "आज हे यंत्र इथं होतं, म्हणून तुला कळलं."

रोज. मी दाराला धरून उभा होतो. "मला नाही का हाक मारायची?" मी विचारलं.

"मारली की," बायको म्हणाली.

ती रागानं म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि माझ्याकडे न बघता चहा टाकला. मला लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. या घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातली घट मी तोलून काढली होती आणि रोज सकाळी एक माणूस माझ्या पाठीमागे ओट्याखाली बसून उठायची वाट बघत होतं, हे मला सांगायला समोरच्या दारातून दुसऱ्या कोणाला यावं लागलं.

मी चप्पल घातली. जिन्यात पोस्टमास्तर भेटले. मी कुठं निघालो ते ऐकून म्हणाले, "आता नका घेऊ. जरा थांबा, भाव उतरणार आहेत." मी त्यांना ओलांडून खाली गेलो.

ओळखीची दुकानं टाळून मी एका नव्या दुकानात शिरलो. तिथं एक तरुण मुलगी होती. तिनं ब्रश आणि बॅटरीबद्दल सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, "ते राहू दे. कोणतंही दे. फक्त त्याच्याबरोबरची सेवा सगळ्यात चांगली हवी. घरातलं माणूस खाली बसलं आणि उठलं नाही, तर लगेच कळलं पाहिजे."

"आहे ना काका," ती म्हणाली. "याच कामासाठी पुष्कळ लोक नेतात. कोणासाठी हवंय?"

"बायकोसाठी. तिचे गुडघे दुखतात."

"घेऊन जा, काळजीच मिटेल." तिनं खोकं काढून काउंटरवर ठेवलं आणि मोबाईलवर माहिती भरायला घेतली. "सूचना कोणाच्या नंबरवर पाठवायची? मुलाच्या की मुलीच्या?"

"माझ्या."

मी सांगितलेला नंबर तिनं भरला. "तुम्ही दिवसभर कुठं बाहेर असता का काका? लांब असाल तर आणखी एक जवळचा नंबर देऊन ठेवा."

"मी बाहेर नसतो. निवृत्त आहे. घरीच असतो."

तिची बोटं थांबली. तिला ते खरंच समजलं नव्हतं. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग काकू खाली बसून राहतील, तेव्हा तुम्ही कुठं असाल?"

"बाल्कनीत," मी म्हणालो.